मल्टीलेव्हल मॉडेल: गटागटातल्या डेटाचं करायचं काय?

माझ्या प्रबंधाच्या व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळा चॅप्टर उलटापालटा केला, चष्मा काढला आणि विचारलं, "मुलं किती?" मी म्हटलं, "बाराशे, सर." "आणि शाळा?" "चाळीस." "मग तुमचा एन चाळीस आहे, बाराशे कुठून आणलात?" एन म्हणजे नमुन्याचा आकार, आणि त्यावर मला काही सुचेना. टेबलात प्रत्येक व्हेरिएबलपुढे तीन-तीन चांदण्या (सिग्निफिकन्सच्या खुणा) होत्या, त्या अचानक फारच स्वस्त वाटायला लागल्या.

नंतर बरंच वाचल्यावर कळलं की सर अर्धे बरोबर होते. एन चाळीस पण नव्हता आणि बाराशे पण नव्हता. तुम्ही डेटाला कुठला प्रश्न विचारताय त्यावर तो बदलतो, आणि हे ज्याला नीट कळलं त्याला मल्टीलेव्हल मॉडेल, म्हणजे गटागटात विभागलेल्या डेटासाठीचं रिग्रेशन, निम्मं कळलं. बाकीचं निम्मं म्हणजे सॉफ्टवेअरशी झटापट. खाली दोन्ही सांगतोय. उदाहरण तेच चाळीस शाळा, प्रत्येकीत ३० मुलं, मोजायचेत परीक्षेतले गुण. आकडे मात्र मी हिशोबाला सोपे जावेत म्हणून घेतलेत, ते कुठे निष्कर्ष म्हणून वापरू नका.

साधं रिग्रेशन तुम्हाला येतं असं धरून चालतोय. कोइफिशियंट, स्टँडर्ड एरर, पी-व्हॅल्यू हे शब्द ऐकून घाम फुटत असेल तर आधी ते करून या, घाई नाही.

आधी घोळ काय आहे ते बघू

साधं रिग्रेशन असं धरून चालतं की प्रत्येक ओळ स्वतंत्र आहे, म्हणजे एका मुलाचा एरर कळला म्हणून दुसऱ्याच्या एररबद्दल काही कळत नाही. आता एकाच शाळेतली ३० मुलं घ्या. तेच शिक्षक, तीच फळ्यावरची उदाहरणं, तेच हेडमास्तर, बऱ्याचदा आजूबाजूची वस्तीही तीच. पंधरा मुलांचे गुण कळले की सोळाव्याबद्दल तुम्ही बऱ्यापैकी अंदाज बांधू शकता, म्हणजे सोळावा मुलगा नवीन माहिती थोडीच देतो. रिग्रेशनला हे माहीत नसतं, ते त्याला पूर्ण एक मोजतं, आणि मग स्टँडर्ड एरर खोट्या बारीक येतात.

हे फक्त पुस्तकी नाही. इंग्लंडमध्ये नेव्हिल बेनेट यांचा १९७६ चा अभ्यास गाजला होता, प्राथमिक शाळेत पारंपरिक पद्धतीने शिकवलेली मुलं जास्त प्रगती करतात असा त्याचा सूर होता आणि त्यावरून भरपूर वादही झाले. १९८१ मध्ये मरे एटकिन आणि सहकाऱ्यांनी तोच डेटा मुलं वर्गात बसतात हे लक्षात घेऊन परत तपासला, आणि तो फरक ठामपणे सांगण्याइतका उरला नाही. कौतुकाची गोष्ट ही की त्या फेरतपासणीच्या एका लेखात बेनेट स्वतःच सहलेखक होते. आपल्याच निष्कर्षावर असं पाणी सोडायला छाती लागते.

मग काही जण म्हणतात, सोपं आहे, प्रत्येक शाळेची सरासरी काढा आणि ४० ओळींवर रिग्रेशन करा. तेही नको. १९५० मध्ये विल्यम रॉबिन्सन यांनी अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवर दाखवलं होतं की परदेशात जन्म आणि निरक्षरता यांचं कोरिलेशन माणसांच्या पातळीवर ०.११८ येतं, पण राज्यांच्या पातळीवर तेच उणे ०.५२६ होतं. चिन्हच उलटं! कारण परदेशातून आलेली माणसं मुळात साक्षरता जास्त असलेल्या राज्यांत जाऊन राहिली होती. सरासऱ्यांवरून माणसांबद्दल बोलायला गेलात की असं तोंडावर पडायला होतं.

पायरी १: कागदावर डेटाचं झाड काढा

हसू नका, खरंच पेन घेऊन काढा. खाली मुलं, त्यांच्यावर तुकडी, तिच्यावर शाळा. मग प्रत्येक व्हेरिएबल कुठल्या पातळीवर राहतं ते लिहा. अभ्यासाचे तास मुलाच्या पातळीवर, लायब्ररी आहे का नाही हे शाळेच्या पातळीवर. एकाच माणसाची मुलाखत दर सहा महिन्यांनी घेतली असेल तर सगळ्यात खाली मुलाखत आणि तिच्यावर माणूस, म्हणजे पॅनेल डेटा पण याच घरातला.

इथे एक खड्डा आहे ज्यात मी स्वतः पडलोय. तुकडीच्या कॉलममध्ये अ, ब, क असं लिहिलेलं असतं. पहिल्या शाळेतली अ आणि सतराव्या शाळेतली अ या दोन वेगळ्या तुकड्या आहेत हे तुम्हाला माहितीये, सॉफ्टवेअरला नाही. ते सगळ्या अ एकत्र करून तीनच तुकड्या धरतं आणि आऊटपुटमध्ये एरर वगैरे काही येत नाही, मुकाट्याने चुकीचं उत्तर देतं. म्हणून शाळेचा नंबर आणि तुकडी जोडून नवीन आयडी बनवा, १७_अ असा. मॉडेल चालवल्यावर आऊटपुटच्या तळाशी गटांची संख्या दिलेली असते, ती दर वेळी बघायची सवय लावा. शाळा ४० च्या जागी १२०० किंवा तुकड्या फक्त ३ दिसल्या की थांबा.

पायरी २: रिकामं मॉडेल चालवा

एकही व्हेरिएबल न टाकता पहिलं मॉडेल. मी आर वापरतो, त्यात एलएमई-फोर नावाचं पॅकेज आहे आणि त्यातलं एलमर हे फंक्शन. स्टाटात मिक्स्ड कमांड, एसपीएसएसमध्ये मेन्यूतलं मिक्स्ड मॉडेल्स. फॉर्म्युला असा दिसतो (इथे वाचायला सोपं म्हणून देवनागरीत लिहितोय, मशीनला द्यायचा तेव्हा नावं आणि आकडे रोमनमध्येच टाका):

गुण ~ १ + (१ | शाळा)

कंसातल्या उभ्या रेघेचा अर्थ, "प्रत्येक शाळेची सुरुवातीची पातळी वेगळी असू दे". उत्तरात दोन व्हेरिअन्स येतात. समजा शाळाशाळांमधला १६ आला आणि शाळेच्या आतला ६४. एकूण ८०. त्यातला शाळांचा वाटा १६ भागिले ८०, म्हणजे ०.२०. यालाच आयसीसी (इंट्राक्लास कोरिलेशन) म्हणतात. मुलांच्या गुणांतल्या फरकापैकी २० टक्के फरक शाळाशाळांमध्ये विभागला गेलाय. "शाळांमुळे घडलाय" असं म्हणत नाहीये मी, कारण कोण कुठल्या शाळेत जातं हेही त्यात मिसळलेलं असतं.

आता डिझाईन इफेक्ट काढा: १ + (गटाचा आकार वजा १) गुणिले आयसीसी. आपल्याकडे १ + २९ × ०.२० = ६.८. बाराशेला ६.८ ने भागा, १७६ येतात. म्हणजे गुणांची एकूण सरासरी किती, या प्रश्नापुरती तुमची बाराशे मुलं ही १७६ स्वतंत्र मुलांइतकीच माहिती देतात. सरांचे चाळीस नाहीत आणि माझे बाराशेही नाहीत.

आयसीसी ०.०५ आला की बरेच जण "नगण्य आहे" म्हणून सोडून देतात आणि गाईडही मान हलवतात. पण करा ना हिशोब: १ + २९ × ०.०५ = २.४५. स्टँडर्ड एरर दीडपटीहून जास्त वाढतेय, हे नगण्य कसं? गट मोठा असला की छोटा आयसीसीसुद्धा महागात पडतो. त्यामुळे आयसीसीचा कटऑफ पाठ करत बसू नका, डिझाईन इफेक्ट काढा. आणि डेटा गोळाच गटागटाने केलाय तर आयसीसी कितीही येवो, मॉडेलमध्ये गट ठेवाच असं माझं मत.

जाता जाता, हे मॉडेल आत काय करतं?

शाळांचे स्वतंत्र अंदाज काढताना मॉडेल प्रत्येक शाळेला एकूण सरासरीकडे थोडं ओढतं. किती ओढायचं हे त्या शाळेत मुलं किती आहेत त्यावर. ३० मुलांच्या शाळेसाठी १६ भागिले (१६ + ६४/३०), म्हणजे साधारण ०.८८. त्या शाळेची सरासरी एकूण सरासरीपेक्षा १० ने वर असेल तर मॉडेल म्हणतं ८.८ मानतो. पण समजा एका शाळेतून चारच मुलं मिळाली, तर १६ भागिले (१६ + ६४/४) म्हणजे बरोबर ०.५. दहाचे पाचच मानले. चार मुलांच्या बोलण्यावर कोण किती विश्वास ठेवणार, आपणही नाही ठेवत. याला श्रिंकेज म्हणतात. "सर्वात चांगली शाळा कुठली" अशा याद्यांत वरचे आणि तळाचे नंबर बऱ्याचदा छोट्या शाळाच का पटकावतात, त्याचं उत्तर इथे आहे, छोट्या गटाची सरासरी नुसत्या योगायोगानेही खूप वरखाली होते.

पायरी ३: मुलाच्या पातळीवरचं व्हेरिएबल, आणि सेंटरिंगची भानगड

आता अभ्यासाचे तास टाकू. इथेच सगळ्यात जास्त प्रबंध घसरतात म्हणून जरा थांबून वाचा.

तास जसेच्या तसे टाकले की एकच कोइफिशियंट मिळतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी कालवलेल्या असतात. एक, त्याच शाळेत बाजूच्या बाकावरच्या मुलापेक्षा एक तास जास्त अभ्यास करणाऱ्याला किती गुण जास्त? दोन, ज्या शाळेत सरासरी अभ्यासच एक तासाने जास्त आहे त्या शाळेची सरासरी किती वर? या दोन प्रश्नांची उत्तरं सारखी असायचं काही कारण नाही. जास्त अभ्यास होणाऱ्या शाळेत शिक्षकही कडक असतील, पालकही मागे लागत असतील, मित्रमंडळीही तसलीच असेल.

म्हणून असं करा. प्रत्येक शाळेची तासांची सरासरी काढून एक नवीन कॉलम बनवा, त्याला शाळा_तास म्हणू. मग प्रत्येक मुलाच्या तासांतून त्याच्या शाळेची सरासरी वजा करा, हा दुसरा कॉलम, आतला_तास. दोन्ही मॉडेलमध्ये टाका:

गुण ~ आतला_तास + शाळा_तास + (१ | शाळा)

समजा आतला कोइफिशियंट १.८ आला आणि शाळेचा ४.५. म्हणजे एकाच शाळेतल्या दोन मुलांमध्ये एक तासाचा फरक असेल तर १.८ गुणांचा फरक, आणि दोन शाळांच्या सरासरीत एक तासाचा फरक असेल तर ४.५ चा. दोन्हीतला २.७ चा फरक हा संदर्भाचा परिणाम, म्हणजे स्वतःचे तास तेवढेच ठेवून जास्त अभ्यासू शाळेत बसलेल्या मुलात दिसणारा फरक. कच्चे तास टाकले असते तर १.८ आणि ४.५ च्या मधला काहीतरी आकडा आला असता, आणि तो कुठल्याच प्रश्नाचं उत्तर नसता.

अर्थशास्त्रातली मंडळी हीच गोष्ट मुंडलाक या नावाने ओळखतात, याइर मुंडलाक यांचा १९७८ चा लेख. ते लोक म्हणतात फिक्स्ड इफेक्ट (प्रत्येक शाळेला तिचा वेगळा कॉलम) घ्यावं का रँडम (आपल्या कंसासारखं), आणि त्यावर हॉसमन टेस्ट लावतात. वरच्यासारखे दोन भाग केले की आतला कोइफिशियंट फिक्स्ड इफेक्टवाल्या रिग्रेशनइतकाच येतो, आणि शिवाय शाळेच्या पातळीवरची व्हेरिएबल्सही टाकता येतात. भांडणच मिटलं. (पूर्ण नाही मिटलं, शाळा_तास च्या कोइफिशियंटला कार्यकारण म्हणून विकता येत नाही, पण व्हायवात निभावतं.)

एकूण सरासरी वजा करणं, ज्याला ग्रँड मीन सेंटरिंग म्हणतात, ते फक्त इंटरसेप्टचा अर्थ लागावा म्हणून. त्याने आतलं-बाहेरचं वेगळं होत नाही. दोन्ही सेंटरिंगची गल्लत मी छापून आलेल्या पेपरांतही पाहिलीये.

आता एनचं काय? आतला_तास ला शाळाशाळांमधल्या फरकाशी देणंघेणंच नाही, तुलना शाळेच्या आतल्या आत चाललीये. त्यामुळे या एका प्रश्नासाठी तुमच्याकडे जवळजवळ सगळ्या बाराशे मुलांची माहिती आहे, फक्त चाळीस सरासऱ्या काढण्यात गेल्या तेवढं सोडून. कधीकधी याची स्टँडर्ड एरर साध्या रिग्रेशनपेक्षा कमीच येते, कारण शाळांचा गोंगाट बाजूला झाला. मल्टीलेव्हल केलं की सगळं सिग्निफिकन्स जातं अशी जी भीती असते ती म्हणून पूर्ण खरी नाही.

पायरी ४: शाळेच्या पातळीवरचं व्हेरिएबल

हे मात्र जिथे दुखतं ते. समजा २० शाळांत लायब्ररी आहे, २० त नाही, आणि लायब्ररीवाल्या शाळांचे गुण २.१ ने जास्त आहेत. साध्या रिग्रेशनला वाटतं ६०० मुलं विरुद्ध ६०० मुलं. त्याची स्टँडर्ड एरर येते ०.५२ च्या आसपास, टी-व्हॅल्यू चारच्या वर, तीन चांदण्या, पेढे वाटा.

आता नीट करू. एका शाळेच्या सरासरीचा व्हेरिअन्स म्हणजे १६ + ६४/३०, साधारण १८.१. वीस विरुद्ध वीस शाळा. स्टँडर्ड एरर येते १.३५, टी-व्हॅल्यू १.५६. चांदणी एकही नाही.

फरक तोच २.१, मुलं तीच, एक्सेल शीट तीच. लायब्ररी हे चाळीसच किमती असलेलं व्हेरिएबल आहे, आपण ती प्रत्येक किंमत तीस वेळा खाली ओढून कॉपी केली एवढंच. परीक्षक जे चाळीस म्हणत होते ते इथे अगदी शब्दशः बरोबर. आणि हेही बघा, प्रत्येक शाळेतून ३० च्या जागी ३०० मुलं घेतली असती तर १८.१ चे १६.२ झाले असते, बस. दहापट सर्व्हे करून स्टँडर्ड एरर १.३५ वरून १.२७. पैसे आणि पाय दोन्ही वाचवायचे असतील तर प्रश्न शाळेबद्दल असताना शाळा वाढवा, मुलं नाही. हे फिल्डवर जायच्या आधी कळायला हवं होतं मला.

पायरी ५: उतार पण वेगळा असू दे का?

आत्तापर्यंत आपण मानलं की एक तास जास्त अभ्यासाचा फायदा सगळ्या शाळांत १.८ च. हे मानायची गरज नाही:

गुण ~ आतला_तास + शाळा_तास + लायब्ररी + (आतला_तास | शाळा)

आता उताराचाही व्हेरिअन्स मिळतो. नुसता व्हेरिअन्स लिहून सोडू नका, वाचणाऱ्याला काही कळत नाही. उताराचं स्टँडर्ड डेव्हिएशन ०.९ आलं तर १.८ वजा-अधिक १.९६ × ०.९ करा: ०.०४ ते ३.५६. म्हणजे साधारण ९५ टक्के शाळांमध्ये तासाचा फायदा जवळपास शून्यापासून साडेतीन गुणांपर्यंत कुठेही. आता ही गोष्ट सांगण्यासारखी झाली! काही शाळांत मुलं तासन्तास बसतात आणि हाती काहीच लागत नाही. का? मग आतला_तास गुणिले लायब्ररी असं इंटरॅक्शन टाकून बघता येतं, याला क्रॉस-लेव्हल इंटरॅक्शन म्हणतात, आणि समाजशास्त्राचे खरे मजेदार प्रश्न बहुतेक इथेच असतात: परिस्थितीमुळे माणसाच्या प्रयत्नाचं फळ बदलतं का.

एक पथ्य. क्रॉस-लेव्हल इंटरॅक्शन टाकताय तर त्या व्हेरिएबलचा रँडम उतार (कंसातला, शाळेप्रमाणे बदलणारा) ठेवाच, नाहीतर पायरी ४ मधला खोट्या चांदण्यांचा घोळ मागच्या दाराने परत येतो.

पायरी ६: मॉडेलची तुलना

अंदाज काढायच्या दोन पद्धती आहेत, एमएल (मॅक्सिमम लाइकलिहूड) आणि त्याचंच सुधारलेलं रूप आरईएमएल. आरमध्ये काही सांगितलं नाही तर आरईएमएल वापरलं जातं, एसपीएसएसमध्येही, स्टाटात मात्र साधं एमएल. म्हणून तुमचे आणि मित्राचे आकडे किंचित वेगळे आले तर भांडू नका, आधी हे बघा. दोन मॉडेलमध्ये फिक्स्ड (कंसाबाहेरची) व्हेरिएबल्स वेगळी असतील तर तुलना एमएलने करा, फक्त रँडम (कंसातला) भाग वेगळा असेल तर आरईएमएल चालतं. शेवटचं टेबल आरईएमएलवर.

रँडम भागाची पी-व्हॅल्यू गरजेपेक्षा मोठी येते, कारण व्हेरिअन्स शून्याच्या खाली जाऊ शकत नाही. फक्त रँडम इंटरसेप्ट तपासत असाल तर ती अर्धी करतात.

दोन्ही मॉडेल एकाच ओळींवर चाललीत ना हेही तपासा. लायब्ररीचा कॉलम दोन शाळांसाठी रिकामा असेल तर ती ६० मुलं दुसऱ्या मॉडेलमधून आपोआप गळतात. आधीच पूर्ण ओळींचा वेगळा डेटा करून ठेवला की ही कटकट संपते, पण किती गळाले आणि कोण गळाले ते लिहायला विसरायचं नाही.

आणि हो, एलमर पी-व्हॅल्यू देतच नाही, तुमचं इन्स्टॉलेशन बिघडलेलं नाही. पॅकेजचे मुख्य लेखक डग्लस बेट्स यांनी ती मुद्दाम ठेवली नाही, कारण अशा मॉडेलमध्ये डिग्रीज ऑफ फ्रीडम नेमक्या किती धरायच्या यालाच साधं उत्तर नाही. एलमर-टेस्ट हे पॅकेज चढवा, ते सॅटरथ्वेट पद्धतीने पी-व्हॅल्यू देतं. गट कमी असतील तर केनवर्ड-रॉजर निवडा.

पायरी ७: लाल अक्षरात वॉर्निंग आली, आता?

घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. साधारण दोन प्रकारच्या येतात.

"सिंग्युलर फिट" म्हणजे एखादा व्हेरिअन्स शून्यावर आपटलाय किंवा इंटरसेप्ट आणि उताराचं कोरिलेशन थेट १ किंवा उणे १ झालंय. मॉडेल सांगतंय की एवढं गुंतागुंतीचं काही या डेटात मला सापडत नाही. आधी कोरिलेशन काढून टाका (उभ्या रेघा एकीऐवजी दोन), तरीही नाही गेलं तर उतार काढा.

दुसरी कन्व्हर्जन्सची, म्हणजे मॉडेल एका उत्तरावर नीट स्थिरावलं नाही. व्हेरिएबल्सच्या मोजपट्ट्या फार वेगळ्या असल्या की हमखास येते, एक कॉलम तासांचा, दुसरा उत्पन्नाचा आणि त्यात लाखांचे आकडे. उत्पन्न हजारांत किंवा लॉगमध्ये घ्या. मग ऑप्टिमायझर (आत उत्तर शोधणारी पद्धत) बदलून बोबिका लावून बघा. ऑल-फिट नावाचं फंक्शन सगळे ऑप्टिमायझर चालवून दाखवतं, सगळ्यांची उत्तरं तिसऱ्या दशांशापर्यंत जुळत असतील तर वॉर्निंग खोटी होती समजा आणि झोपा.

तपासणीसाठी रेसिड्युअलचा आलेख काढतातच, पण शाळांच्या रँडम इफेक्टचाही क्यू-क्यू आलेख (आकडे नॉर्मल वितरणासारखे पसरलेत का ते दाखवणारा) काढा. बहुतेक जण हे विसरतात. एखादी शाळा एकटीच लांब पडली असेल तर तिच्याशिवाय मॉडेल परत चालवा. चाळीसात एक शाळा म्हणजे बाराशेत एक मूल नव्हे, लायब्ररीचा सगळा निकाल ती एकटी फिरवू शकते.

उत्तर हो-नाहीमध्ये असेल तर

पास-नापास, मत दिलं-नाही दिलं वगैरे. मग एलमरच्या जागी जी-एलमर, लॉजिस्टिक. इथे आतला व्हेरिअन्स आऊटपुटमध्ये शोधत बसू नका, तो नसतोच. आयसीसीसाठी पाय वर्ग भागिले ३, म्हणजे ३.२९ धरतात. शाळांचा व्हेरिअन्स ०.८२ असेल तर ०.८२ भागिले (०.८२ + ३.२९), साधारण ०.२०. आणि इथला ऑड्स रेशो हा एकाच शाळेतल्या तुलनेचा असतो, सगळ्या शाळा एकत्र धरून काढलेला त्याहून १ च्या जवळ येतो. दोन पेपरांचे ऑड्स रेशो शेजारी ठेवून तुलना करताना हे ध्यानात असू दे.

कधी हे सगळं करू नये

गट पाच-सात असतील तर नको. सात आकड्यांवरून व्हेरिअन्स काढणं म्हणजे सात जणांना विचारून निवडणुकीचा अंदाज. गटांचे डमी (प्रत्येक गटासाठी ०-१ चा कॉलम) टाका आणि साधं रिग्रेशन करा, फक्त मग गटाच्या पातळीवरच्या व्हेरिएबलबद्दल बोलता येणार नाही. किती गट पुरे याची वादावादी जुनी आहे. कोरा मास आणि योप हॉक्स यांच्या २००५ च्या सिम्युलेशनमध्ये ५० किंवा त्याहून कमी गट असले की गटाच्या पातळीवरच्या स्टँडर्ड एररमध्ये बायस दिसला होता. म्हणजे माझे चाळीसही काठावरच होते. आरईएमएल आणि केनवर्ड-रॉजरने बरंच सावरतं, पण दहाच्या खाली मी तरी जाणार नाही.

आणि गटांमध्ये तुम्हाला रसच नसेल, फक्त स्टँडर्ड एरर दुरुस्त करायच्या असतील, तर क्लस्टर-रोबस्ट स्टँडर्ड एरर किंवा लियांग आणि झेगर यांची १९८६ ची जीईई पद्धत (गटातला संबंध धरून सरासरी परिणाम काढणारी) पुरे. त्यांनाही गट भरपूरच लागतात, ती काही पळवाट नाही.

प्रबंधात लिहायचं कसं

टेबलात चार मॉडेल शेजारी शेजारी: रिकामं, मुलाच्या पातळीचं, शाळेच्या पातळीचं, उतार आणि इंटरॅक्शनचं. प्रत्येकाच्या खाली दोन्ही-तिन्ही व्हेरिअन्स, मुलांची संख्या आणि शाळांची संख्या, दोन्ही. आतला_तास टाकल्यावर आतला व्हेरिअन्स ६४ वरून ५६ झाला तर "शाळेच्या आतल्या फरकापैकी १२.५ टक्के फरक तासांनी समजतो" असं लिहिता येतं. हे करताना कधीकधी शाळांचा व्हेरिअन्स किंचित वाढतो. काही चुकलेलं नसतं, होतं तसं.

मजकुरात सेंटरिंग कसं केलं, आरईएमएल का एमएल, पी-व्हॅल्यूची पद्धत कुठली, वॉर्निंग आली होती का आणि मग काय बदललं, हे एका परिच्छेदात सांगा. लायब्ररीचं वाक्य मी आता असं लिहिलं असतं: "लायब्ररी असलेल्या शाळांची सरासरी २.१ गुणांनी जास्त दिसली, पण ४० शाळांच्या आधारे हा अंदाज ढोबळ आहे, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल उणे ०.६ ते ४.८." गाईडना विचारा, त्यांना चांदणी हवी असेल. त्यांना पायरी ४ दाखवा.

आणि व्हायवाला कोणी विचारलं की तुमचा एन किती, तर उलट विचारा, "कुठल्या कोइफिशियंटसाठी, सर?"